ड्रमवरचे 'बायोडिग्रेडेबल' आणि अठ्ठावीस दिवसांचा हिशेब

दोन वर्षांपूर्वी माझा एक चांगला सौदा एका शब्दापायी फिसकटला. तो शब्द म्हणजे 'बायोडिग्रेडेबल'. व्यापारी बंधूंना तो परका नाही. साबणाच्या पुड्यावर, प्लास्टिकच्या पिशवीवर, रंगाईच्या रसायनांच्या ड्रमवर तो हिरव्या अक्षरांत, बाजूला एखादे पान काढून, छापलेला असतो. मीही तो शेकडो वेळा पाहिला होता आणि 'शुद्ध', 'अस्सल', 'एक नंबर' या शब्दांकडे जसे पाहतो तसेच त्याच्याकडे पाहिले होते. म्हणजे वाचले आणि पुढे गेलो.

माझे गोदाम जालना एमआयडीसीत आहे. मालेगाव आणि भिवंडीचे ग्रे कापड आणायचे, बाहेर जॉबवर्कवर धुलाई-रंगाई करून घ्यायची आणि मराठवाड्याच्या बाजारात विकायचे, हा माझा तीस वर्षांचा धंदा. मुंबईच्या एका निर्यातदाराने चादरींची ऑर्डर देऊ केली. भाव चांगला होता. अटींच्या कागदात एक ओळ अशी होती की, धुलाई व रंगाईत जी सहायक रसायने वापरली जातील, म्हणजे वेटिंग एजंट, सोपिंगचे रसायन, सॉफ्टनर वगैरे, त्यांच्या जैवविघटनाच्या चाचणीचा अहवाल जोडावा. मी रसायनाच्या विक्रेत्याकडे गेलो. त्याने हसत कपाटातून एक झेरॉक्स काढून दिली. मी ती न वाचता पाकिटात घातली आणि पाठवून दिली. आठ दिवसांनी निर्यातदाराच्या कार्यालयातील तांत्रिक विभागाच्या बाईंचा फोन आला. त्या नम्रपणे म्हणाल्या, "साहेब, हा अहवाल सांडपाण्याचा आहे, रसायनाचा नाही. आणि ज्या रसायनाचे नाव यात आहे ते तुम्ही वापरतच नाही." ऑर्डर दुसरीकडे गेली. विक्रेत्याने फसवले हे खरेच, परंतु कागद न वाचता पुढे सरकवणारा मी होतो. अर्धी चूक माझ्या खात्यावर लिहिली पाहिजे.

त्यानंतर मी हा विषय समजून घेण्याच्या मागे लागलो. माझे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. आमच्या सायन्सच्या किताबात 'जरासीम' म्हणजे जंतू, आणि जंतू म्हणजे बीमारी, एवढेच डोक्यात बसले होते. माझा एक भाचा रसायनशास्त्र शिकून एका तपासणी प्रयोगशाळेत नोकरीला आहे. त्याच्याजवळ बसलो तेव्हा तो म्हणाला, "मामू, नदी साफ करणारे मजूर तेच जरासीम आहेत. त्यांना जे खाता येते ते नदीतून जाते, जे खाता येत नाही ते राहते. तपासणी एवढीच असते की हे रसायन त्यांना खाता येते का, आणि किती दिवसांत."

आता ही तपासणी कशी होते ते थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्या धंद्यात तिचे नाव सारे घेतात पण आत काय चालते हे फारच थोड्यांना ठाऊक असते. पॅरिस येथे मुख्यालय असलेल्या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, १९८१ साली या चाचणीची पद्धत ठरवली आणि १९९२ साली ती सुधारली. तिचा क्रमांक ३०१. या क्रमांकाखाली ए पासून एफ पर्यंत सहा पद्धती आहेत. त्या सर्वांचा गाभा एकच आहे. काही क्षार घातलेले स्वच्छ पाणी घ्यायचे, त्यात तपासायचे रसायन अगदी थोड्या प्रमाणात टाकायचे, आणि सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातील गाळाचे किंवा पाण्याचे थोडेसे विरजण लावायचे. विरजण हा माझा शब्द. जंतू त्यातून येतात. महत्त्वाची गोष्ट ही की, या जंतूंना त्या रसायनाची आधी सवय लावलेली नसावी. आणि त्या पाण्यात त्यांना खायला दुसरे काहीही नसावे. मग बाटली अंधारात, साधारण २२ अंश सेल्सियसला, २८ दिवस ठेवायची आणि मोजत राहायचे.

काय मोजायचे? जंतू खातात तेव्हा श्वास घेतात. ऑक्सिजन आत जातो, कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. म्हणून कोणी ऑक्सिजन किती संपला ते मोजतो, कोणी कार्बन डाय-ऑक्साइड किती निघाला ते मोजतो, कोणी पाण्यात विरघळलेला कार्बन किती उरला ते मोजतो. शाळेत आमचे मास्तर काचेच्या नळीतून चुन्याच्या निवळीत फुंकर मारायला लावत आणि पाणी दुधासारखे होई. ३०१ बी या पद्धतीत जवळपास तोच तजर्बा आहे. बाटलीतून निघालेली हवा बेरियम हायड्रॉक्साइडच्या पाण्यातून नेतात, ते पांढरे होते, आणि त्यावरून जंतूंनी किती खाल्ले याचा हिशेब लागतो. पन्नाशी ओलांडल्यावर मला शाळेतल्या त्या नळीचा उपयोग कळला.

हिशेबाचा आकडा असा आहे. रसायनाच्या सूत्रावरून ते पूर्णपणे जळून जाण्यास किती ऑक्सिजन लागेल हे काढतात. २८ दिवसांत त्याच्या किमान ६० टक्के ऑक्सिजन खर्च झाला पाहिजे, किंवा तितक्याच प्रमाणात कार्बन डाय-ऑक्साइड निघाला पाहिजे. विरघळलेला कार्बन मोजत असाल तर किमान ७० टक्के नाहीसा झाला पाहिजे. मी भाच्याला विचारले, शंभर का नाही? तो म्हणाला, जंतू सारेच जाळत नाहीत, त्यातून स्वतःचे अंगही वाढवतात. आणखी एक अट आहे. दहा टक्के विघटन झाले की घड्याळ सुरू होते आणि तेथून दहा दिवसांच्या आत ही मजल गाठली पाहिजे. जे रसायन २८ दिवस रेंगाळत कसेबसे काठावर येते ते सहज विघटन होणाऱ्यांच्या पंक्तीत बसत नाही.

मला सर्वांत आवडली ती या चाचणीतील इमानदारीची व्यवस्था. शेजारी एक बाटली अशी ठेवतात की जिच्यात रसायन नाही, फक्त विरजण आहे. जंतू स्वतःच किती श्वास घेतात ते वजा करण्यासाठी. दुसऱ्या बाटलीत सोडियम बेंझोएट किंवा सोडियम अॅसिटेट असे काही घालतात, जे जंतू हमखास खातात. ते चौदा दिवसांत खाल्ले गेले नाही तर जंतूच मेलेले आहेत असे समजून सगळी चाचणी रद्द. तिसऱ्या बाटलीत दोन्ही एकत्र घालतात. तेथे जंतू त्यांचे आवडते खाणेही सोडून देऊ लागले तर समजावे की रसायन त्यांना मारते आहे. आमच्या बाजारात नमुना दाखवताना असा शेजारी-शेजारी ताळा ठेवला असता तर कितीतरी तंटे मिटले असते. असो.

आता हे सारे युरोपातील लोकांना सुचले कशावरून, तेही पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर साबणाच्या जागी डिटर्जंट आले. त्यांत जो फेस करणारा पदार्थ होता त्याच्या रेणूची साखळी फांद्या फुटलेली होती, आणि जंतूंना फांद्या तोडता येत नव्हत्या. जर्मनीच्या नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहू लागले. जर्मनीने १९६१ साली कायदा केला, तो १९६४ पासून लागू झाला, आणि फेस करणाऱ्या पदार्थाचे किमान ८० टक्के विघटन झाले पाहिजे असे ठरले. कारखानदारांनी सरळ साखळीचा पदार्थ आणला. आपल्याकडे साबण-पावडर बनवणारे ज्याला 'अॅसिड स्लरी' म्हणतात तो याच सरळ साखळीच्या कुळातील आहे. म्हणजे कायदा आल्यावर कारखाने बुडाले नाहीत, त्यांनी माल बदलला.

परंतु त्या जुन्या कायद्यात एक मोठी फट होती, आणि आपल्या धंद्याचा संबंध तेथे येतो. तो कायदा फेस गेला की काम झाले असे मानत असे. रेणूचा एक तुकडा पडला की फेस जातो, पण उरलेला तुकडा पाण्यात तसाच राहू शकतो. वेटिंग एजंट आणि धुलाईच्या द्रवात वर्षानुवर्षे वापरले गेलेले नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट हे याचे उदाहरण. जंतू त्याची शेपटी खातात, फेस निघून जातो, आणि मागे नोनिलफिनॉल उरते. ते गाळात टिकून राहते आणि माशांना मूळ पदार्थापेक्षा जास्त घातक ठरते. म्हणून युरोपने २००३ मध्ये त्यावर निर्बंध आणले, २००४ मध्ये डिटर्जंटचा नवा कायदा करून 'फेस गेला का' ऐवजी 'पदार्थ शेवटपर्यंत संपला का' असे विचारायला सुरुवात केली, आणि फेब्रुवारी २०२१ पासून धुता येणाऱ्या आयात कापडातही हे रसायन वजनाच्या ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. मुंबईच्या त्या बाई माझ्याकडे कागद का मागत होत्या, ते मला येथे उमगले. त्यांना नदीची फिकीर असेल किंवा नसेल, पण माल बंदरावरून परत आला असता.

आपल्याकडे यमुनेवरचा फेस टीव्हीवर दरवर्षी दिसतो आणि लोक हळहळतात. माझे म्हणणे असे की, जो फेस दिसतो त्याची निदान बातमी तरी होते. फेस जाऊन मागे जे उरते त्याची होत नाही.

येथे रंगाई करणारे बंधू मला थांबवतील आणि विचारतील, मग रंगाचे काय? हा प्रश्न अडचणीचा आहे आणि त्याला गोड उत्तर नाही. गिऱ्हाईक दुकानात येते तेव्हा पहिला प्रश्न विचारते, "रंग पक्का आहे ना?" उन्हात उडू नये, साबणाने जाऊ नये, घामाने फुटू नये, यासाठीच रंगाचा रेणू बनवलेला असतो. सूर्याला आणि साबणाला दाद न देणारा रेणू जंतूंनाही सहसा दाद देत नाही. दुकानातील गुण तोच नाल्यातील अवगुण. रिअॅक्टिव्ह रंगांपैकी फार थोडे रंग २८ दिवसांच्या या कसोटीला उतरण्याच्या जवळपास येतात. जे अझो रंग हवा नसलेल्या टाकीत फिके पडतात, त्यांचे अरोमॅटिक अमाइन होतात, आणि त्यांना पुन्हा हवेच्या टाकीत नेऊन संपवावे लागते. यांतील काही अमाइन कर्करोगकारक आहेत. जर्मनीने १९९४ मध्ये असे अमाइन देणारे रंग बंद केले आणि भारत सरकारनेही ११२ रंगांवर बंदी आणली, त्यांपैकी ७० रंगांवर १९९७ मध्ये. त्या वेळी आपल्या बाजारात किती गोंधळ झाला होता हे माझ्या वयाच्या मंडळींना आठवत असेल.

म्हणून रंग विघटनशील आहे असे कोणी सांगितले तर दोनदा विचार करावा. आणि ब्लीचिंग पावडर टाकून पाणी पांढरे करून दाखवणाऱ्यावर तर अजिबात विश्वास ठेवू नये. रंग गेला म्हणजे पदार्थ गेला असे नाही. त्याला क्लोरीन चिकटून तो अधिक हट्टी होऊ शकतो. रंग हे पाण्यातून वेगळे काढण्याची चीज आहे. परंतु वेटिंग एजंट, साबण, सॉफ्टनर, कांजी यांच्या बाबतीत निवड आपल्या हाती असते. तेथे हा शब्द उपयोगाचा आहे. मीठ मात्र कशातच बसत नाही. रिअॅक्टिव्ह रंगाईत मीठ ढिगाने लागते आणि मिठाला कोणताही जंतू खात नाही, त्यामुळे ही चाचणी मिठाला लागूच होत नाही. तमिळनाडूत तिरुपूरच्या रंगाई कारखान्यांच्या क्षारांनी नोय्यल नदी आणि तिच्या काठची शेती बरबाद झाली; जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शेकडो कारखाने एकदम बंद करण्याचा हुकूम दिला. काम करणारे हात एका दिवसात रिकामे झाले. ते हात आपल्यासारख्यांचेच होते.

कांजीचा विषय निघाला आहे तर यंत्रमागवाल्यांसाठी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण येथे भले भले फसतात. ताण्याला पूर्वीपासून स्टार्चची कांजी लावतात. काही ठिकाणी त्याऐवजी किंवा त्यात मिसळून पीव्हीए वापरतात. कापड धुताना ही कांजी काढून टाकावी लागते आणि ती सांडपाण्यात जाते. स्टार्च असलेल्या पाण्याचा बीओडी, म्हणजे जंतूंना लागणारा ऑक्सिजन, भरपूर येतो. पीव्हीएचा अगदी कमी येतो. कागदावर पाहणारा म्हणेल, पीव्हीए स्वच्छ आणि स्टार्च घाण. हकीकत उलट आहे. पीव्हीएचा बीओडी कमी येतो कारण सवय नसलेले जंतू ते थोड्या दिवसांत खातच नाहीत. त्याच पाण्याचा सीओडी काढा, म्हणजे तेजाब आणि पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये उकळून जे जळेल ते सारे मोजा, की पीव्हीए लगेच उघडे पडते. बीओडी आणि सीओडी यांतील अंतर म्हणजे जंतूंच्या ताटात उरलेले अन्न. आपल्या तपासणी अहवालात हे दोन्ही आकडे असतात, पण ते शेजारी ठेवून वाचण्याची सवय आपल्याला नाही. मलाही नव्हती.

पण याचा अर्थ स्टार्च निर्धोक आहे असा कोणी घेऊ नये. ही तर दुसरी फसगत. जे पटकन कुजते ते पाण्यातील ऑक्सिजनही पटकन ओढून घेते. आपल्या हवामानात, २७ अंशाला, स्वच्छ पाण्याच्या एका लिटरमध्ये जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. एवढ्याशा गल्ल्यावर कांजीच्या पाण्याची उधारी टाकली की गल्ला त्याच दिवशी रिकामा. मासे वर तोंड काढून मरतात. जालन्यात २०१८ पासून बाजार समितीत रेशीम कोषांची खरेदी-विक्री चालते आणि रेशमाचा धंदा या भागात वाढावा अशी सर्वांची इच्छा आहे, माझीही आहे. रेशीम मऊ करण्यासाठी साबण-सोड्यात उकळून त्यावरचा डिंक काढतात. त्याला सेरिसिन म्हणतात. ते शुद्ध प्रथिन आहे, जंतूंचे आवडते खाणे. त्याच्या पिंपावर 'बायोडिग्रेडेबल' लिहिले तर ते शंभर टक्के खरे ठरेल, आणि तरीही ते पाणी तसेच नाल्यात सोडले तर नाला सडेल. म्हणजे तो शब्द खरा असूनही परवाना होत नाही.

आता आपल्या गावाकडे येतो. जालना एमआयडीसी म्हटले की लोकांना सळई आणि बियाणे आठवते. कापडवाले येथे थोडे, धुलाई-रंगाईवाले त्याहून थोडे. त्यामुळे आपला आवाज कोठे ऐकू जात नाही. परंतु पाणी सर्वांचे एकच आहे. कुंडलिका शहराच्या मधून वाहते, पुढे दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला. बीओडीची चाचणी इंग्लंडमध्ये १९१२ च्या शाही आयोगाच्या अहवालाने रूढ केली, आणि त्यात पाच दिवस धरले. सांगितले असे जाते की इंग्लंडमधील नदीचे पाणी पाच दिवसांत समुद्राला पोहोचते म्हणून. आपल्याकडे हवामान उष्ण म्हणून भारतीय मानकाने ती २७ अंशाला तीन दिवसांची केली. ठीक आहे. पण कुंडलिकेचे पाणी तीन दिवसांत कोठे पोहोचते? उन्हाळ्यात तर ते जागचे हलत नाही. ज्या नदीत पाणीच नाही तेथे सांडपाणी हीच नदी होते. २०१२-१३ च्या दुष्काळात ज्यांनी टँकरमागे घागरी घेऊन रांगा लावल्या त्यांना हे समजावून सांगायला नको. ओईसीडीच्या बाटलीत एक मिलिग्रॅम रसायनाला भरपूर पाणी आणि भरपूर हवा मिळते. आपल्या नाल्यात दोन्ही मिळत नाहीत. बाटलीत जे नापास होते ते नाल्यात पास होणे कठीणच. जे पास होते त्यालाही आधी टाकीत हवा देऊन जिरवावे लागेल.

माझा खरा मुद्दा यापुढे आहे. आपल्या देशात कापडधंद्याच्या सांडपाण्यासाठी ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने नवी मानके काढली. बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅम, सीओडी २५०, विरघळलेले क्षार २१००, आणि रंगावरही मर्यादा. चांगले झाले. पण ही सारी तपासणी नळाच्या शेवटच्या तोंडाशी आहे. नमुना घेतला जातो रंगाईवाल्याच्या नाल्यावर. आकडा वर गेला की नोटीस रंगाईवाल्याला, कुलूप रंगाईवाल्याला. ज्याने त्याला ड्रम विकला, ड्रमवर हिरवे पान छापले, त्याला कोणी विचारत नाही. रंगाईवाला बिचारा बारा-पंधरा माणसांचा मालक, त्यांतले निम्मे घरचे. त्याला त्या द्रवात काय आहे हे ठाऊक असण्याचे कारण नाही. सीओडी का वाढला हे तो कोणाला विचारणार?

कोणी म्हणेल, मग त्यानेच चाचणी करून घ्यावी. हे म्हणणे अन्यायाचे आहे. ही चाचणी दर ड्रमाची करायची नसते. विघटन होणे हा पदार्थाचा गुणधर्म आहे. तो एकदा तपासला की पुरे. ज्याने पदार्थ बनवला त्याने तो तपासावा, एकदाच खर्च करावा आणि तो लाखो ड्रमांवर वाटून टाकावा. शेकडो लहान रंगाईवाल्यांनी एकाच पदार्थाची चाचणी शेकडो वेळा करावी, यात कोणता शहाणपणा? शिवाय ड्रममध्ये एकच पदार्थ नसतो. त्यात पाणी असते, एखादे ग्लायकॉल असते, आणि मुख्य माल थोडा असतो. सगळे मिश्रण बाटलीत टाकले तर जंतू ग्लायकॉल खाऊन पोट भरतात आणि अहवाल छान येतो. मुख्य माल तसाच राहतो. म्हणून अहवाल मुख्य पदार्थाचा हवा, मिश्रणाचा नव्हे. हे लहान माणसाला कोण सांगणार?

आपल्याकडे स्वेच्छेची व्यवस्था नव्हती असे नाही. सरकारने १९९१ साली 'इकोमार्क' काढला, मातीच्या मडक्याचे चित्र असलेला. साबण, डिटर्जंट, कापड हे सारे त्याच्या यादीत होते. पण तो ऐच्छिक होता आणि फार थोड्या कारखान्यांनी घेतला. २०२४ मध्ये त्याचे नियम नव्याने काढले गेले आहेत. मडके चांगले आहे, परंतु ऐच्छिक गोष्ट आपल्या बाजारात किती चालते हे व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. माझे मत असे की, 'बायोडिग्रेडेबल' हा शब्द औद्योगिक ड्रमवर छापायचा असेल तर त्याखाली तीन गोष्टी छापणे सक्तीचे करावे: चाचणीचा क्रमांक, टक्केवारी आणि दिवस. नसेल छापायचे तर शब्दही छापू नये. वजनमापाचा कायदा किलोला किलो म्हणायला लावतो, मग या शब्दाला मोकळीक का?

चाचणीसाठी परदेशात जावे लागते ही समजूतही जुनी झाली. उत्तम प्रयोगशाळा पद्धतीची राष्ट्रीय देखरेख यंत्रणा भारत सरकारने २००२ मध्ये सुरू केली, आणि मार्च २०११ पासून आपल्या अशा मान्यताप्राप्त प्रयोगशाळांचे अहवाल ओईसीडीचे देश स्वीकारतात. पण त्या महानगरांच्या आसपास आहेत आणि त्यांचे गिऱ्हाईक मोठ्या कंपन्या आहेत. येथे मला आपल्या एमआयडीसीतील एका शेजाऱ्याची आठवण करून द्यायची आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे, म्हणजे आयसीटीचे, मराठवाडा केंद्र २०१८ पासून जालन्यात आहे. ही तीच संस्था जिला जुने लोक यूडीसीटी म्हणून ओळखतात. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून ती सुरू झाली तेव्हा तेथे पहिल्यापासून शिकवला जाणारा एक विषय वस्त्ररसायन हा होता. मुंबईच्या गिरण्यांना रंगाईची जाणकार माणसे हवी होती. गिरण्या गेल्या, पण ती विद्या आपल्या दारात आली आहे आणि आपण तिच्या फाटकावरून ट्रक घेऊन रोज जातो.

मी काही मोठी मागणी करत नाही. बीओडी आणि सीओडी शेजारी-शेजारी मोजून देणारी, लहान माणसाला परवडणारी आणि अहवाल मराठीत समजावून सांगणारी एक खिडकी त्या केंद्रात सुरू व्हावी, यासाठी जालन्यातील कापडवाले, धुलाईवाले आणि रेशमात उतरू पाहणारे यांनी मिळून एक निवेदन द्यावे. सळईवाल्यांनीही सही करावी. कुंडलिका त्यांचीही आहे. एकट्याने गेलो तर चहा मिळेल. पन्नास सह्या घेऊन गेलो तर कदाचित तारीख मिळेल.

तोपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक रसायनाबरोबर त्याचे सुरक्षा माहितीपत्रक असते. सोळा भागांचा तो कागद आपण मागत नाही म्हणून विक्रेता देत नाही. त्यातला बारावा भाग पर्यावरणाचा, आणि त्यात दुसऱ्या क्रमांकाला पदार्थ टिकतो की विघटित होतो ते लिहिलेले असते. ओईसीडी ३०१, इतके टक्के, २८ दिवस, असे स्पष्ट लिहिले असेल तर ठीक. ३०२ लिहिले असेल तर समजावे की ही जंतूंना मुबलक गाळ आणि अनुकूल स्थिती देऊन केलेली, सोपी परीक्षा आहे. तिच्यात पदार्थ नुसता गाळाला चिकटून पाण्यातून दिसेनासा झाला तरी टक्के मिळतात.

मी या वर्षीपासून खरेदीच्या चिठ्ठीवर एक ओळ वाढवली आहे: 'बाराव्या भागासह माहितीपत्रक दिल्याशिवाय माल उतरवून घेतला जाणार नाही.' जॉबवर्क करणाऱ्या चाचांनी सुरुवातीला कपाळाला हात लावला. म्हणाले, "भाई, कागद मागायला लागलो तर उधारी बंद करतील." त्यांची भीती खोटी नाही, म्हणून त्यांच्या रसायनांची खरेदी आता मी माझ्या नावावर करतो आणि मजुरीतून वळती करून घेतो. तीन विक्रेत्यांना चिठ्ठ्या गेल्या. एकाने उत्तरच दिले नाही. दुसऱ्याने संपूर्ण माहितीपत्रक पाठवले, त्यात मुख्य पदार्थाचा अहवाल क्रमांक व टक्केवारी होती. भाव किलोमागे थोडा जास्त आहे, तो मी देतो. तिसऱ्याच्या ड्रमवर हिरवे पान होते, बायोडिग्रेडेबल हा शब्द दोन भाषांत होता, आणि कागदाच्या बाराव्या भागात, विघटनासमोर, छापले होते: 'माहिती उपलब्ध नाही.' तो ड्रम त्याच टेम्पोतून परत पाठवला. भाडे मी भरले.